पंच्याण्णव टक्के म्हणजे नेमके किती?

सांगलीच्या मार्केट यार्डात राजापुरी हळदीचे सौदे निघतात तेव्हा व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतात आणि त्यावरून भाव बोलतात. पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेली ही नजर बऱ्याचदा बरोबरही ठरते. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही हळद अर्क काढणाऱ्या कारखान्यात गेली, की मात्र नुसत्या नजरेवर भागत नाही. तिथून बाहेर पडणाऱ्या पिवळ्याधमक पुडीच्या डब्यावर ‘करक्युमिन ९५ टक्के’ असं छापलेलं असतं आणि पुढचे सगळे व्यवहार या आकड्यावर चालतात. औषध कंपनी त्यावर डोस ठरवते, संशोधक त्यावर प्रयोग बेततात, आयातदार त्यावर पैसे मोजतो. हा आकडा आला कुठून, हे सहसा कुणी विचारत नाही.

बहुतेक वेळा तो प्रकाशाच्या मोजमापातून आलेला असतो. करक्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषून घेतं, म्हणून तर ते पिवळं दिसतं. द्रावणातून प्रकाश सोडायचा, किती अडला ते बघायचं आणि त्यावरून प्रमाण काढायचं. पद्धत स्वस्त आणि झटपट आहे. अडचण अशी की हळदीत करक्युमिन एकटं नसतं. डिमेथॉक्सीकरक्युमिन आणि बिसडिमेथॉक्सीकरक्युमिन ही त्याची दोन भावंडंही जवळजवळ त्याच पट्ट्यात प्रकाश शोषतात. भेसळीसाठी वापरला जाणारा मेटॅनिल यलो हा रंगही पिवळाच. प्रकाशमापक या सगळ्यांची बेरीज एका आकड्यात सांगतो. बाजारात ‘करक्युमिन’ म्हणून विकला जाणारा माल बहुधा करक्युमिन आणि त्याच्या या दोन भावंडांचं मिश्रण असतो आणि त्यात अस्सल करक्युमिन साधारण तीन चतुर्थांश असतं.

यावर रसायनशास्त्रज्ञांचं नेहमीचं उत्तर एचपीएलसी. बारीक कणांनी भरलेल्या नळीतून मिश्रण दाबाने ढकलायचं, घटक एकामागून एक वेगळे होऊन बाहेर पडतात आणि प्रत्येकाचं शिखर कागदावर उमटतं. तिन्ही भावंडं सुटी होतात, हे खरं. पण त्या शिखराच्या आकारावरून मिलिग्रॅम काढायचे, तर तुलनेसाठी शुद्ध करक्युमिनचा संदर्भ नमुना हाताशी लागतो. तो विकत मिळतो. त्याच्या बाटलीवर ‘शुद्धता ९८ टक्के, एचपीएलसीनुसार’ असं लिहिलेलं असतं, आणि खरी गोम तिथेच आहे. हे ९८ टक्के म्हणजे शोधयंत्राला जे दिसलं त्यातले ९८ टक्के. पाणी अतिनील प्रकाशात दिसत नाही, क्षार दिसत नाहीत, शुद्धीकरणाच्या वेळी स्तंभातून सुटून आलेली सिलिका दिसत नाही, अडकून राहिलेला द्रावकही बऱ्याचदा दिसत नाही. वनस्पतीतून काढलेले पदार्थ पाणी आणि द्रावक धरून ठेवण्यात मोठे चिवट असतात. वजनाने बघितलं तर त्या बाटलीत ९८ ऐवजी ९० टक्केच करक्युमिन असू शकतं, आणि मग त्या बाटलीच्या आधारावर केलेलं प्रत्येक मोजमाप तेवढंच चुकतं. एका बाटलीची शुद्धता दुसऱ्या बाटलीवरून आणि दुसरीची तिसरीवरून ठरवत गेलं, तर साखळी टेकते कशावर?

हळदीचा तरी संदर्भ नमुना मिळतो. वनस्पतींमध्ये अशी हजारो संयुगं आहेत की ज्यांची शुद्ध बाटली जगात कुठेच विकत मिळत नाही.

हा तिढा सोडवायचा तर मोजायची रीतच बदलावी लागते. पदार्थ किती प्रकाश खातो, हे प्रत्येक रेणूच्या स्वभावावर अवलंबून असतं, म्हणून प्रत्येकासाठी वेगळा संदर्भ लागतो. जत्रेतली गर्दी आरडाओरड्यावरून मोजण्यासारखं आहे ते. कुणी कोकलतो, कुणी गप्प असतो. त्याऐवजी डोकी मोजली तर? न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, म्हणजे एनएमआर, नेमकं हेच करतं. हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक म्हणजे एक प्रोटॉन. तो स्वतः एक इवलासा चुंबक असतो. जोरदार चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्याला ठरावीक वारंवारतेची रेडिओलहर दिली की तो डचमळतो आणि स्वतःचा क्षीण रेडिओसंकेत परत देतो. हा प्रोटॉन हळदीतला असो, द्राक्षातला असो की प्रयोगशाळेत बनवलेल्या एखाद्या रसायनातला असो, त्याच्या संकेताची ताकद सारखीच. फरक पडतो तो फक्त वारंवारतेत, आणि तोही अगदी थोडा, कारण आजूबाजूच्या इलेक्ट्रॉनांचं कवच प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. त्यामुळे रेणूतले वेगवेगळ्या जागांवरचे हायड्रोजन आलेखावर वेगवेगळ्या ठिकाणी उमटतात आणि प्रत्येक शिखराखालचं क्षेत्रफळ सांगतं की तिथे किती जण आहेत.

फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांच्या गटांनी हा परिणाम घन आणि द्रव पदार्थांत पहिल्यांदा पकडला, त्याबद्दल १९५२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्या दोघांना मिळालं. क्षेत्रफळांची गंमत मात्र १९५१ च्या एका शोधनिबंधात उघडपणे दिसली. स्टॅनफर्डमध्ये जे. टी. अर्नॉल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि एम. ई. पॅकार्ड यांनी साधं अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, चुंबकात ठेवलं. एकाऐवजी तीन शिखरं आली आणि त्यांची क्षेत्रफळं ३:२:१ या प्रमाणात होती. इथेनॉलच्या रेणूत मिथाइलचे तीन, मिथिलीनचे दोन आणि ऑक्सिजनवरचा एक हायड्रोजन असतो, त्याचीच ही मोजदाद होती. यातले धर्मट्टी पुढे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि भारतातल्या एनएमआर संशोधनाची पायाभरणी त्यांनी केली. भौतिकशास्त्रज्ञांना त्या तीन शिखरांच्या जागांचं कौतुक जास्त वाटलं, कारण त्यातून रेणूची रचना उलगडते. क्षेत्रफळांचा हिशेब मागे पडला. १९६३ मध्ये डी. पी. हॉलिस यांनी अ‍ॅस्पिरिन, फेनासेटिन आणि कॅफीन यांचं मिश्रण वेगळं न करता, तसंच्या तसं चुंबकात ठेवून तिघांचं प्रमाण काढून दाखवलं. तरी पुढची कित्येक वर्षं बहुतेक प्रयोगशाळांनी एनएमआर रचना ओळखायलाच वापरलं.

आता हळदीकडे वळू आणि प्रत्यक्ष हिशेब कसा होतो ते पाहू.

समजा, अर्काची २० मिलिग्रॅम पूड घेतली. तिच्यात डायमिथाइल सल्फोन नावाचं, शुद्धता पक्की माहीत असलेलं ५ मिलिग्रॅम रसायन मिसळलं. याला इंटर्नल स्टँडर्ड म्हणतात. त्याचा करक्युमिनशी काडीचाही संबंध नाही, आणि नेमकी हीच मोठी सोय आहे. दोन्ही मिळून ड्युटेरियमयुक्त डीएमएसओमध्ये विरघळवले. द्रावकातले हायड्रोजन ड्युटेरियमने, म्हणजे जड हायड्रोजनने, बदललेले असल्यामुळे त्याचा स्वतःचा गोंगाट जवळजवळ नाहीसा होतो. सल्फोनच्या रेणूत सहा हायड्रोजन असतात आणि ते सगळे सारखे, म्हणून ३ पीपीएमच्या जवळ त्यांचं एकच सुबक शिखर येतं; पीपीएम हे वारंवारतेतल्या फरकाचं, म्हणजे आलेखावरच्या जागेचं, माप. करक्युमिनच्या रेणूच्या दोन टोकांना दोन कडी असतात, प्रत्येक कड्यावर एक मेथॉक्सी गट असतो. त्यांचे मिळून सहा हायड्रोजन ३.८ पीपीएमला दिसतात. रेणूच्या बरोबर मधल्या कार्बनवर एकच हायड्रोजन असतो, तो ६ पीपीएमच्या किंचित पुढे. डिमेथॉक्सीकरक्युमिनमध्ये दोनपैकी एक मेथॉक्सी गट गायब, बिसडिमेथॉक्सीमध्ये दोन्ही. मधला एकुलता हायड्रोजन मात्र तिघांतही आहे.

सल्फोनच्या शिखराचं क्षेत्रफळ ६ धरलं. समजा, त्या मापाने मधल्या हायड्रोजनचं क्षेत्रफळ भरलं १.०० आणि मेथॉक्सीचं ५.१३. पहिल्या आकड्याचा अर्थ असा, की तिन्ही भावंडांचे मिळून जितके रेणू आहेत तितकेच सल्फोनचे आहेत. ५ मिलिग्रॅम सल्फोन म्हणजे, त्याच्या ९४.१३ या रेणुभाराने भागलं तर, ०.०५३१ मिलिमोल. दुसरा आकडा सांगतो की दर रेणूमागे सरासरी १.७१ मेथॉक्सी गट आहेत; सगळं शुद्ध करक्युमिन असतं तर दोन भरले असते. एका मेथॉक्सी गटामुळे रेणुभार सुमारे ३० ने वाढतो. बिसडिमेथॉक्सीचा रेणुभार ३०८.३३ असतो, त्यात १.७१ गटांची भर घातली की सरासरी रेणुभार ३५९.७ निघतो. गुणाकार केला की १९.१ मिलिग्रॅम. म्हणजे २० पैकी साडेपंच्याण्णव टक्के करक्युमिनॉइडं. सगळा माल अस्सल करक्युमिन आहे असं गृहीत धरलं असतं, तर हाच हिशेब ९७.८ टक्क्यांवर गेला असता.

या सगळ्यात शुद्ध करक्युमिनची बाटली कुठेही लागली नाही. भावंडं एकमेकांपासून वेगळीही करावी लागली नाहीत. पुडीत पाणी असेल तर त्याचं शिखर ३.३ पीपीएमला समोर दिसतं, आणि सिलिका असेल तर ती दिसली नाही तरी वजनात भरते, त्यामुळे टक्केवारी आपोआप खाली येते. कागदावर बघितलं तर ही पद्धत निर्दोष आहे. प्रत्यक्षात ती चार-पाच ठिकाणी घसरू शकते, आणि त्या जागा बघण्यासारख्या आहेत.

पहिली जागा चुंबकापासून लांब, तराजूवर आहे. ४०० मेगाहर्ट्‌झच्या यंत्रात ९.४ टेस्लाचा चुंबक असतो, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे दोन लाख पट जोराचा. त्याचं वेटोळं उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवून ठेवतात. कोट्यवधी रुपयांचा हा सगळा डोलारा, आणि उत्तर किती अचूक येणार हे बऱ्याचदा ठरतं ५ मिलिग्रॅम पावडर किती नीट तोलली यावर. तोलताना ०.०५ मिलिग्रॅम इकडचं तिकडे झालं की एक टक्का गेला. म्हणून मायक्रोग्रॅमपर्यंत वाचणारा तराजू लागतो. पंख्याचा झोत नको, काचेच्या कुपीवर स्थिर वीज नको, पावसाळ्यात दमट हवेत पूड उघडी नको. या कामात मुरलेली माणसं यंत्राच्या आधी तराजूबद्दल विचारतात ते उगीच नाही.

दुसरी जागा म्हणजे धीर. रेडिओलहरीचा धक्का बसलेले प्रोटॉन ताबडतोब मूळ स्थितीत येत नाहीत. कुणाला अर्धा सेकंद लागतो, कुणाला चार सेकंद. हा काळ टी-वन नावाने ओळखतात. एका धक्क्यावर भागत नाही, कारण संकेत फार क्षीण असतो. ९.४ टेस्लाच्या क्षेत्रातसुद्धा लाख प्रोटॉनांमागे जेमतेम तीन जास्तीचे प्रोटॉन क्षेत्राच्या दिशेने झुकलेले असतात आणि संकेत येतो तो त्या तिघांच्याच जिवावर. म्हणून धक्के पुन्हा पुन्हा देऊन संकेतांची बेरीज करावी लागते. दोन धक्क्यांमध्ये टी-वनच्या पाचपट थांबलं तर ९९.३ टक्के प्रोटॉन सावरलेले असतात, सातपट थांबलं तर ९९.९ टक्के.

घाई केली तर काय होतं? समजा, स्टँडर्डचा टी-वन चार सेकंद, संयुगाचा एक सेकंद आणि विश्लेषक थांबला फक्त चार सेकंद. संयुगाचे ९८ टक्के प्रोटॉन सावरले, स्टँडर्डचे मात्र ६३ टक्केच. संयुग आहे त्याच्या दीडपटीहून जास्त भरलं. साडेपंच्याण्णव टक्क्यांचा माल अशा हिशेबात १४८ टक्के शुद्ध निघतो आणि हास्यास्पद असल्यामुळे चूक पकडली तरी जाते. पण मूळ माल ६० टक्क्यांचा असता तर तो ९३ टक्के दिसला असता. तेव्हा हरकत कोण घेणार?

रचना ओळखण्यासाठी घेतलेला नेहमीचा आलेख असाच घाईघाईने घेतलेला असतो, कारण तिथे शिखरांच्या जागा महत्त्वाच्या असतात. जुना आलेख काढून त्यावरून टक्केवारी मोजायचा मोह म्हणूनच घातक. नीट मोजमापासाठी सोळा धक्के, दर धक्क्यामागे अर्धा मिनिट, म्हणजे आठ मिनिटं लागतात. नमुना विरळ असेल तर तास-दीड तास. शिखर गोंगाटाच्या दीडशे पट उंच असेल तर एक टक्क्याच्या आतबाहेरचा भरवसा देता येतो, असा या क्षेत्रातला संकेत आहे. ही उंची दुप्पट करायची तर धक्के चौपट द्यावे लागतात.

मग क्षेत्रफळ मोजायचं कुठून कुठपर्यंत? एनएमआरचं शिखर वर टोकदार दिसतं, पण त्याचे पाय फार लांबवर पसरलेले असतात. ९९ टक्के क्षेत्रफळ पकडायचं असेल तर शिखराच्या निम्म्या उंचीवरच्या रुंदीच्या ६४ पट पट्टा घ्यावा लागतो. इतका पट्टा घेतला की शेजारच्या अशुद्धीचं शिखर त्यात सापडतं, कमी घेतला की पाय कापले जातात. त्यात आणखी एक कटकट. निसर्गातल्या कार्बनपैकी १.१ टक्का कार्बन-१३ असतो. त्याला चिकटलेल्या हायड्रोजनचं शिखर फुटून मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना दोन बारकी पिल्लं पडतात. संयुगाच्या बाबतीत ही पिल्लं धरली आणि स्टँडर्डच्या बाबतीत सोडली, तर एक टक्का तिथेच उडाला.

करक्युमिनचा आणखी एक खास सापळा आहे. द्रावक म्हणून डीएमएसओऐवजी ड्युटेरियमयुक्त मेथॅनॉल घेतलं, तर मधल्या कार्बनवरचा तो एकुलता हायड्रोजन हळूहळू द्रावकातल्या ड्युटेरियमशी जागा बदलतो. शिखर झिजत जातं. वरच्या हिशेबाचा सगळा भार त्याच हायड्रोजनवर होता. अशा वेळी कड्यांवरच्या किंवा त्यांना जोडणाऱ्या साखळीतल्या हायड्रोजनांवर मोजमाप करावं लागतं. पद्धत सगळ्यांना सारखी असली तरी प्रत्येक संयुगाची खोड ओळखूनच मोजावं लागतं, ते असं.

ही काळजी घेतली की एक टक्क्याच्या आतलं मोजमाप नित्याचं होतं, आणि मापनशास्त्राच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा ०.१ टक्क्याच्या आसपास पोचतात. अमेरिकेच्या एनआयएसटीने या कामासाठी बेंझोइक आम्लाचा खास प्राथमिक प्रमाण नमुना तयार केला आहे. मघाशी विचारलेली साखळी टेकते ती अशा नमुन्यावर. त्याच्यामार्फत हळदीतल्या, अडुळशातल्या किंवा आणखी कुठल्याही संयुगाचं वजन थेट किलोग्रॅम आणि मोल या मूळ एककांशी जोडता येतं.

काही संयुगांच्या बाबतीत तर याला पर्याय शोधणं अवघड आहे. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन घ्या. ज्या शोधासाठी तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं, ते हे चिनी वनस्पतीतलं औषध अतिनील प्रकाशाला जवळजवळ पारदर्शक आहे. प्रकाश मोजणाऱ्या यंत्रासमोर ते असून नसल्यासारखं. चुंबकात मात्र त्याचा एक हायड्रोजन ५.९ पीपीएमच्या जवळ, सहसा मोकळ्या असलेल्या जागी, एकटा उभा राहतो. पानांच्या अर्कातही त्याला गाठता येतं.

फ्रान्समधल्या नांत विद्यापीठात जेरार मार्तां आणि मारिव्हॉन मार्तां यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला याहून अवघड मोजणी साधली. निसर्गातल्या दहा हजार हायड्रोजनांमागे दीडएक ड्युटेरियम असतो, पण रेणूतल्या कोणत्या जागेवर तो किती असेल हे त्या वनस्पतीवर आणि तिने प्यालेल्या पाण्यावर ठरतं. वाइनमधल्या अल्कोहोलच्या मिथाइल गटात हे प्रमाण बिटाच्या साखरेमुळे दहा लाखांत सुमारे ९२, उसाच्या साखरेमुळे ११० च्या जवळ, आणि अस्सल द्राक्षांमुळे या दोहोंच्या मधे कुठेतरी येतं. द्राक्षरसात गुपचूप साखर टाकून वाइन कडक करणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली. युरोपीय समुदायाने १९९० मध्ये ही पद्धत अधिकृत केली.

भारतात एनएमआरचं नाव घरोघरी पोचलं ते मधामुळे. अमेरिकेला जाणाऱ्या मधासाठी १ ऑगस्ट २०२० पासून एनएमआर चाचणी सक्तीची झाली. देशात विकल्या जाणाऱ्या मधाला ती अट नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या दिल्लीच्या संस्थेने तेरा ब्रँडांचा मध जर्मनीतल्या प्रयोगशाळेत तपासून घेतला, तेव्हा एनएमआरच्या कसोटीला तीनच उतरले. उत्पादकांनी निष्कर्ष फेटाळले. या वादात एक मुद्दा मात्र खरोखर शास्त्राचा होता. ग्लुकोज किती, फ्रुक्टोज किती हे चुंबक पक्कं सांगतो. पण मध ‘अस्सल’ आहे की नाही हे ठरतं त्या आलेखाची तुलना साठवलेल्या हजारो नमुन्यांशी करून. त्या साठ्यात आपल्याकडच्या जांभळाच्या किंवा कारवीच्या मधाचे नमुने पुरेसे नसतील, तर निकालावर शंका घ्यायला जागा राहते. प्रमाण मोजणं आणि अस्सलपणाचा शिक्का मारणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्या चर्चेत ती सर्रास एकत्र केली गेली.

एनएमआरचं सगळ्यात मोठं वैगुण्य म्हणजे ते कमी संवेदनशील आहे. मास स्पेक्ट्रोमीटर नॅनोग्रॅमचे सूक्ष्म अंश टिपतो, इथे मायक्रोग्रॅम-मिलिग्रॅमशिवाय बोलणं होत नाही. भाजीवरच्या कीटकनाशकाचे अवशेष शोधायला चुंबकाचा काही उपयोग नाही. कच्च्या अर्कात शेकडो संयुगांची शिखरं एकमेकांवर चढतात, विशेषतः साखरांच्या ३ ते ४ पीपीएमच्या पट्ट्यात नुसती झुंबड असते.

त्यामुळे रोजच्या तपासणीतून एचपीएलसी हटण्याची शक्यता नाही, आणि हटवायची गरजही नाही. जपानने यातून व्यवहारी वाट काढली. कांपो या तिथल्या पारंपरिक वैद्यकातल्या वनौषधींसाठी जपानी औषधकोशाने संदर्भ संयुगांची शुद्धता एनएमआरने ठरवण्याची रीत स्वीकारली. बाटलीवरचा आकडा चुंबक ठरवतो, पुढे कारखान्यातला माल एचपीएलसी तपासतो. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातले ग्विडो पाउली नैसर्गिक संयुगांच्या संशोधकांना वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत, की प्रयोगाला घेतलेल्या प्रत्येक संयुगाची शुद्धता आधी अशी मोजा. करक्युमिनच्या औषधी दाव्यांची झाडाझडती घेणाऱ्या, २०१७ साली गाजलेल्या लेखाच्या लेखकांत तेही होते.

दरम्यान टेबलावर मावतील असे ६० आणि ८० मेगाहर्ट्‌झचे एनएमआर बाजारात आले आहेत. त्यांना द्रवरूप हेलियम लागत नाही, कायमस्वरूपी चुंबकावर ते चालतात. त्यांच्यावर शिखरं एकमेकांच्या जास्त जवळ येतात, त्यामुळे हळदीतल्या तीन भावंडांचे मधले हायड्रोजन वेगळे दिसण्याची आशा सोडावी लागते. वरच्या हिशेबाला मात्र ते वेगळे दिसण्याची गरजच नव्हती. मधला हायड्रोजन, मेथॉक्सी आणि सल्फोन ही तीन शिखरं सुटी दिसली की पुरे. पूड ओली असेल तर पाण्याचं फुगलेलं शिखर सल्फोनच्या पायाशी येऊन बसतं, तेव्हा आधी ती नीट वाळवून घ्यावी लागते.